वाचकांचे प्रश्न : महमूद गावानची कोकण मोहीम

प्रश्न : दाभोळची शाही मशीद महमूद गावानने बांधली असं ऐकतो, ते खरं का? कोकण घ्यायला त्याला तीन वर्षं का लागली? आणि एवढा मोठा वजीर मारला का गेला?
– एक वाचक, दापोली

उत्तर : मशीद त्याची नव्हे, ती नंतरच्या आदिलशाही काळातली. गावान मूळचा इराणातल्या गिलानचा. १४५३ मध्ये तो दाभोळला उतरला आणि पुढे बहमनी सुलतानांच्या राजधानीत, बिदरला गेला, एवढाच धागा.

मोहीम लांबली ती रानामुळे. त्याच्या आधी खलफ हसन या बहमनी सरदाराला शिर्के या कोकणातल्या मराठा सरदारांनी वाट दाखवतो म्हणून खेळणा किल्ल्याच्या (आजचा विशाळगड) जंगलात नेलं आणि तिथे त्याची फौज कापली गेली. १४६९ मध्ये निघालेल्या गावानने यातून धडा घेतलेला दिसतो. घाटात घोड्याचा उपयोग नाही हे ओळखून त्याने राजधानीहून आणलेलं घोडदळ परत पाठवलं. जुन्नर, दाभोळकडचं सैन्य मागवलं. मग झाडं तोडत, जाळत रस्ता काढला. खेळणा पाच महिने वेढूनही पडला नाही. तेवढ्यात पाऊस आला. इथे दुसरा कोणी हट्टाने बसला असता आणि ताप-हगवणीने माणसं गमावली असती! गावानने हवा सोसणारं पायदळ घाटवाटांवर ठेवलं आणि स्वतः कोल्हापुरात गवताने शाकारलेल्या छपरांखाली पावसाळा काढला. नंतर रांगणा किल्ला घेतला, मग खेळणा. त्यात तलवारीपेक्षा पैसा आणि फितुरी जास्त चालली. गोव्यावर जमिनीवरून फौज आणि समुद्रातून १२० गलबतं एकदम सोडली. १४७२ च्या सुरुवातीला गोवा पडलं.

त्याचा घात त्याच्याच सुधारणांनी केला. राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, त्याने आठ केल्या आणि तरफदाराच्या, म्हणजे प्रांताच्या सुभेदाराच्या, हाती एकच किल्ला ठेवला, बाकी सगळे सुलतानाकडे. ज्यांचे किल्ले गेले ते गप्प बसणार थोडेच! त्यांनी गावानची मोहोर सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर ओडिशाच्या गजपतीला चढाईचं आमंत्रण लिहिलं. पत्र दाखवल्यावर गावान म्हणाला, शिक्का माझा, मजकूर माझा नाही. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचं डोकं उडवलं.

त्याची इमारत पाहायची तर बिदरचा मदरसा पाहा. दर्शनी बाजूच्या दोन मिनारांपैकी एकच उरलाय, पण त्यावरचं रंगीत फरशीकाम अजून ओळखू येतं.