कॅनडातल्या वॉटर्लूमध्ये रूममेट रविवारी त्याच्या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) चर्चला बोलावतोय. मी हिंदू, शाकाहारी. जावं का? तिथे नेमकं काय असतं?

बिनधास्त जा. मी शेजारच्या किचनरला राहते, शेजारणीबरोबर तिच्या चर्चला अधूनमधून जाते. त्यावरून सांगते.

कपड्यांची काळजी सोडा, जीन्स चालते. सेंट जेकब्जच्या बाजारात काळ्या कपड्यांत, घोड्याच्या बग्गीतून येणारे दिसतात ते ओल्ड ऑर्डर, म्हणजे जुन्या चालीचे मेनोनाइट. शहरातल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) नर्स, प्राध्यापक, सॉफ्टवेअरवाले असे चारचौघांसारखे लोक भेटतील. मूळ मात्र एकच. १५२५ साली झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, मोठेपणी समजून-उमजून घ्यायचा. एवढ्यावरून दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला तिथल्याच नदीत बुडवून मारलं. मिशनरी काम यांनीही केलंय, अगदी आपल्या शेजारी. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात, धमतरीला (आता छत्तीसगडमध्ये), दुष्काळानंतर १८९९ मध्ये यांचे लोक आले होते. पण इथे आजवर माझ्या मागे कुणी लागलेलं नाही. 'पुन्हा या' म्हणतात, तेवढंच.

सुरुवातीला बहुधा ही जमीन मूळ कोणत्या आदिवासींची होती ते सांगतात. मग गाणी. खरं सांगायचं तर त्यासाठीच जा. वाद्यांशिवाय, एकाच वेळी चार वेगवेगळ्या चालींत, आणि गाणारी अख्खी मंडळी. पुढे उभी असलेली बाई सूर देते, हात उचलते, की मागच्या बाकावरून बास (पुरुषांचा खालचा आवाज), डावीकडून टेनर (पुरुषांचा वरचा), शेजारून आल्टो (बायकांचा खालचा) एकदम उठतात. भजनात जसा टाळकरी कोण आणि ऐकणारा कोण हे कळेनासं होतं, तसं. माझी शेजारीण पुस्तकातल्या आल्टोच्या ओळीखालून बोट फिरवत गाते आणि मधूनच मला कोपराने ढोसते, 'इथे आहोत'. स्वरलिपी येत नसेल तर वरच्या ओळीची चाल पकडा, नाहीतर नुसते उभे राहा. काही ठिकाणी आता पियानो, गिटारही असतात. चांगलंच वाजवतात, पण मला ती अडगळच वाटते.

पाळकांचा संदेश वीसेक मिनिटांचा. त्यात शांतता आणि युद्धाला नकार हा विषय कुठून तरी येतोच. त्यानंतरचा भाग मला जास्त आवडतो. माइक मंडळीत फिरतो आणि ज्याला जे सांगायचंय ते तो सांगतो. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाला पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळालं, कुणाचा भाऊ निर्वासितांच्या छावणीत अडकलाय. हे शेवटचं ऐकून दचकू नका. १९७९ मध्ये निर्वासितांना खासगी प्रायोजकत्वावर आणण्याचा करार कॅनडा सरकारशी सगळ्यांत आधी यांच्या मदतसंस्थेने, मेनोनाइट सेंट्रल कमिटीने केला. व्हिएतनाम, लाओसमधली कितीतरी कुटुंबं तशी आली. त्यामुळे आज या शहरी मंडळ्यांमध्ये सगळे चेहरे गोरेच असतील असं समजू नका.

अर्पणाची थाळी फिरली तर पुढे सरकवा, पाहुण्याकडून अपेक्षा नसते. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) दर रविवारी नसतं. त्या दिवशी असलंच तर जागेवर बसून राहिलात तरी चालतं.

राहिलं जेवण. पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं सामूहिक जेवण) असेल तर रूममेटला आधी विचारून घ्या आणि स्वतःचा डबा करून न्या, बटाट्याची भाजी किंवा मसालेभात. तो पहिल्यांदा संपतो, आणि एक पदार्थ तरी खात्रीचा राहतो. कॅसरोलमध्ये (ओव्हनमध्ये भाजलेल्या एकत्र पदार्थात) चिकन सूप असू शकतं. रंगीत, थुलथुलीत जेलो सॅलड फळांचं दिसतं, पण त्यात जिलेटिन असतं, ते टाळा. पाय (pie, सारण भरलेली गोड पेस्ट्री) घेताना मात्र विचारा, त्याच्या कवचात कधीकधी डुकराची चरबी असते. जेवण झालं की खुर्च्या रचायला आणि भांडी पुसायला उठा. ओळखी खऱ्या तिथेच होतात.