सोनोग्राफीत न दिसलेला खडा

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या उजव्या कुशीत एका रात्री अचानक जीवघेण्या कळा सुरू झाल्या. लगेच सोनोग्राफी केली. ‘उजव्या किडनीला किंचित सूज, खडा दिसला नाही’ असा रिपोर्ट आला आणि आम्ही निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीत ५ मिमीचा खडा निघाला. मग सोनोग्राफी चुकली का? अशी तपासणी करायचीच कशाला?

उत्तर : ताई, सोनोग्राफी चुकली नाही. रिपोर्टमधला ‘किंचित सूज’ हा शब्द तुम्हाला कोणी नीट समजावून सांगायला हवा होता, तेवढं राहून गेलं. कळा येताहेत आणि त्याच बाजूची किडनी फुगली आहे, म्हणजे लघवी खाली कुठेतरी अडली आहे. खडा दिसो वा न दिसो, माझ्या लेखी ही मोठी खूण आहे.

किडनीतला खडा सापडणं त्यामानाने सोपं. ध्वनिलहरी त्याच्यावर आपटून परततात, पडद्यावर पांढराशुभ्र ठिपका उमटतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. मूत्रवाहिनीचं तसं नाही. किडनीतली लघवी मूत्राशयात नेणारी ही नळी पेनच्या रिफिलएवढी बारीक, साधारण २५ सेंमी लांब, आणि तिच्यापुढे आतडी. आतड्यांत वायू असतो आणि हवेतून या लहरी पुढे सरकत नाहीत. (पोटावर गार जेली लावतो तीही प्रोब (पोटावर फिरवतो ते उपकरण) आणि कातडीमधली हवा घालवायलाच.) त्यामुळे मधला टप्पा बऱ्याचदा दिसतच नाही. खालचं टोक मात्र दिसू शकतं, मूत्राशय भरलेलं असेल तर.

इथेच गोम आहे. कळांनी तळमळणारा, उलट्या झालेला माणूस येतो तो बहुतेक वेळा नुकतीच लघवी करून. असंच एका पेशंटला मी तपासलं, काही दिसेना. मूत्राशय भरेपर्यंत थांबवून पुन्हा प्रोब ठेवला. उजवी मूत्रवाहिनी मूत्राशयात उघडते तिथेच ४ मिमीचा ठिपका! कलर डॉपलर (सोनोग्राफीतच हालचाल रंगांत दाखवणारी सोय) लावल्यावर त्याच्यामागे लाल-निळे कण लुकलुकू लागले. खड्याचं हे लुकलुकणं डोळ्यांत भरतं. डाव्या बाजूने लघवीची पिचकारी थोड्या थोड्या वेळाने मूत्राशयात उडत होती, उजवीकडे किती तरी वेळ काहीच नाही. मात्र मूत्राशय तुडुंब भरलं तर त्यानेही किडनी थोडी फुगलेली दिसते. म्हणून लघवी करून आल्यावर मी सूज पुन्हा बघते.

सीटी जास्त अचूक, हे खरंच. पण त्यात क्ष-किरण आहेत. गरोदर बाई, लहान मूल, पुन्हा पुन्हा खडे होणारा माणूस, यांना मी तरी आधी सोनोग्राफीच सांगेन. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या २,७०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास आला होता. खड्याच्या संशयावरून आधी सोनोग्राफी झालेल्यांना, आधी सीटी झालेल्यांपेक्षा गंभीर त्रास जास्त झाला नाही. काहींना पुढे सीटी लागला, तसाच तुमच्याकडेही लागला.

एक सांगून ठेवते. सोनोग्राफीत खडा बहुधा थोडा मोठा मोजला जातो. तिथे ७ आणि सीटीत ५ आला, तर खडा विरघळला असं धरू नका.

५ मिमीचा खडा अनेकदा आपोआप पडतो, डॉक्टर सांगतील तेवढी वाट पाहता येते. पण थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकेना, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर जिवावर बेतू शकतं. आणि दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडलाच असं नाही. एकदा पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. जाताना पाणी पिऊन, लघवी रोखून जाऊ दे त्यांना, आणि रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, सूज उतरली का?