आपत्तीनंतर परदेशी जाणाऱ्या वैद्यकीय पथकात सामील व्हायचे असल्यास शल्यविशारदाने काय तयारी करावी?

आपण अस्थिशल्यविशारद आहात, आपले हात तयारच आहेत. म्हणून त्याविषयी मी काही लिहीत नाही. नोंदी ठेवण्याची तयारी मात्र करा, कारण तिची गरज आहे हेच अनेकांना पटत नाही.

मी परिचारिका म्हणून अशाच एका पथकातून भूकंपग्रस्त देशात गेले होते. आम्ही पाचव्या दिवशी पोहोचलो, तोवर ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना त्यांच्या शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. आमच्या वाट्याला आली ती मोडलेली हाडे आणि चिघळलेल्या जखमा. मी केसपेपर मागितले तेव्हा पथकप्रमुख सर सर्वांसमोर म्हणाले, "इथे माणसे मरत आहेत आणि तुम्हाला कागद सुचतात?" त्यानंतर मी रात्री स्वतःच्या वहीत नावे, शस्त्रक्रिया आणि दिलेली औषधे लिहू लागले, पहिल्या दोन दिवसांचे रुग्ण तिच्यात आलेच नाहीत.

आम्ही निघालो त्या दिवशी स्थानिक रुग्णालयातील मुख्य परिचारिका एका बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्याच्या नडगीवर आमच्याच पथकाने एक्स्टर्नल फिक्सेटर, म्हणजे मोडलेले हाड पिनांनी जागेवर धरणारी बाहेरची चौकट, बसवला होता आणि पिनांभोवती पू झाला होता. तो कोणत्या दिवशी बसवला, प्रतिजैविक कोणते दिले, काढायचा केव्हा, हे त्याच्या आईला सांगता येईना आणि आमच्यापैकी कुणालाही आठवेना. चौकट सैल करण्याची किल्ली आमच्या पेटीत होती, आणि ती पेटी विमानतळाकडे रवाना झाली होती. वही मी त्या बाईंच्या हाती दिली, पण त्या मुलाचे नाव तिच्यात नव्हते.

सरांचे म्हणणे मला तेव्हा चुकीचे वाटले होते आणि आजही वाटते. 12 जानेवारी 2010 च्या हैतीतील भूकंपानंतर अनेक देशांची पथके तिथे उतरली, पण त्यांनी मिळून किती अवयवच्छेद केले याचा विश्वासार्ह आकडा कुणाकडेच नव्हता. त्या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये परदेशी पथकांसाठी वर्गीकरण आणि किमान निकष ठरवले. टाइप 2, म्हणजे रुग्ण दाखल करून शस्त्रक्रिया करणारे, म्हणवणाऱ्या पथकाला दिवसाला किमान 7 मोठ्या किंवा 15 लहान शस्त्रक्रिया करता आल्या पाहिजेत आणि किमान 20 खाटा सांभाळता आल्या पाहिजेत. त्याचबरोबर नोंदी ठेवणे आणि यजमान देशाच्या आरोग्य खात्याला अहवाल देणेही बंधनकारक आहे. आपत्तीनंतरच्या आजारांची नोंद ठेवणाऱ्या फिलिपिन्सच्या स्पीड पद्धतीवरून जपानने जे-स्पीड तयार केली, तिच्या अनुभवातून रोजच्या अहवालाचा सामायिक नमुना घडला, आणि 2019 मध्ये इदाई चक्रीवादळानंतर मोझांबिकमध्ये तो प्रत्यक्ष वापरला गेला. जे सरांना कागद वाटत होते, ते जगाने उपचाराचाच भाग मानले आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. एकट्याने विमानात बसू नका. आपल्या देशातील, जागतिक आरोग्य संघटनेने वर्गीकृत केलेल्या किंवा त्या प्रक्रियेत असलेल्या पथकात आधीच नाव नोंदवा, त्यांचे सराव करा, आणि यजमान देशाने बोलावल्याशिवाय निघू नका. पोहोचताच तिथल्या आरोग्य खात्याच्या समन्वय कक्षात पथकाची नोंद झाली की नाही, हे स्वतः विचारा.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रक्तस्राव होत असताना लेखणी उचलावी असे मी म्हणत नाही. रक्त थांबवा, आणि टूर्निके (रक्त थांबवण्यासाठी हातापायावर आवळायचा पट्टा) बांधला असेल तर वेळ रुग्णाच्या कपाळावर मार्करने लिहा, केसपेपर नंतर भरता येतो. सरांच्या हातांनी जीव वाचले, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

तरीही पथकात जाण्यापूर्वी पथकाच्या प्रमुखांना विचारा की परतताना रुग्ण कुणाच्या स्वाधीन करणार, आणि डिस्चार्ज कार्ड तिथल्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत असणार का. फिक्सेटर नेत असाल, तर त्याच्या किल्ल्या तिथेच ठेवायच्या आहेत, हे सामानाच्या यादीत निघण्यापूर्वीच लिहून घ्या.