कष्ट करूनही ‘शुगर’ निघाली म्हणून लोक बोलतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुमचे वय सव्वीस आहे, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत तुम्ही सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर आहात, दोन वर्षांपूर्वी टाइप १ मधुमेह निघाला आणि आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. खाण्यावर ताबा नव्हता, अंगाला मेहनत नव्हती, म्हणून हे झाले, असे नातेवाईक आणि सोबतचे कामगार सुनावतात. त्यांना “माझा टाइप १ आहे, आळशी लोकांना होतो तो नव्हे” असे ठणकावावे का, कंपनीत आजार लपवावा का आणि पुढे स्वतःचे वर्कशॉप काढण्याचा विचार करावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर आहे. आयटीआय करून नाशिकच्याच अंबड वसाहतीतील कंपन्यांत टर्नर म्हणून राबलो आणि आता तिथेच एका लहान गाळ्यात जॉबवर्क करतो, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्याही वाट्याला आले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘हो’ असे आहे, मात्र त्या होकाराला काही पूर्वतयारी लागते.

आधी आरोप तपासून पाहू. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करते. जिलेबी खाल्ल्याने तो होत नाही आणि जोर-बैठका मारल्याने टळत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा इन्सुलिनच्या आधीच्या काळात सापडतो. त्या वेळी अशा मुलांवर उपचार म्हणजे जवळजवळ उपासमार असे. दिवसाला मोजके घास देऊन त्यांना काही महिने, फार तर एखाददोन वर्षे जगवले जाई. याहून कडक पथ्य माणसाला शक्य नाही, तरीही ती मुले जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि तेव्हापासून चित्र बदलले. संयमाने हा आजार आटोक्यात येत असता, तर त्या उपाशी मुलांनी तो केव्हाच आणला असता. म्हणूनच कोणी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड किंवा एखाद्या बाबाचा काढा सांगून इन्सुलिन बंद करायला लावत असेल, तर तिथे भीड अजिबात धरू नका, कारण टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबले की एकदोन दिवसांत रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते.

आता तुमच्या ठणकावण्याबद्दल. “माझा टाइप १ आहे” हे वैद्यकीयदृष्ट्या खरे आहे आणि कोणी विचारले तर जरूर सांगावे. पण त्याला जोडलेले “आळशी लोकांचा नव्हे” हे शेपूट मला मान्य नाही. आपल्यावर आलेला शेरा आपण झटकून टाकत नाही, तो फक्त शेजारच्या माणसाच्या अंगावर ढकलतो. माझ्या ओळखीचे दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार आहेत. गोडी छाटणी झाल्यापासून माल खुडून गाडीत भरेपर्यंत हा माणूस पहाटे फवारणीला उभा असतो, पाऊस आला की रात्री बागेत असतो, अंगावर मांस म्हणून नाही, आणि त्यांना पन्नाशीच्या आत टाइप २, म्हणजे सहसा मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह, निघाला. त्यांना आळशी म्हणायला जीभ कशी वळेल? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोंची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील बाळे सुमारे ३.५ किलोंची होती. आपली बाळे बारीक असूनही त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी मात्र बरीच टिकून होती. म्हणजे ज्याला आपण काटक शरीर म्हणतो, त्यातही मधुमेहाची बैठक आईच्या पोटापासून तयार झालेली असू शकते, आणि त्या आईला पुरेसे पोषण मिळाले नाही हा तिच्या लेकराचा दोष कसा मानायचा, हे मला कळत नाही. आहार, वजन आणि हालचाल यांचा टाइप २ शी निश्चित संबंध आहे, तो मी नाकारत नाही. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. इतके सगळे एका पिढीत आळशी झाले असे मानायला मन धजत नाही.

या शेऱ्यांच्या मुळाशी ‘राबणाऱ्याला शुगर होत नाही’ ही समजूत आहे आणि ती आपल्यासारख्या कष्टकरी लोकांतच जास्त पक्की आहे. मला कष्टाविषयी आदर आहे. कोणाकडे हात न पसरता जगणे ही माझ्या घरात मोठी गोष्ट मानली गेली आणि मीही ती तशीच मानतो. परंतु कष्ट केले की फळ मिळते हा हिशेब या आजाराला जसाच्या तसा लावला, तर माणूस स्वतःचाच छळ करू लागतो. तेच जेवण, तेवढेच इन्सुलिन, तेवढीच मेहनत असूनही सोमवारी साखर १३० येते आणि मंगळवारी २३०. ताप, दाढदुखी, अपुरी झोप, चिंता, इतकेच काय, पहाटे शरीरात वाढणारी काही संप्रेरकेसुद्धा साखर चढवतात. तुम्ही मशीनवर काम करता म्हणून सांगतो: जॉबचा बोअर, म्हणजे भोक, वीस मायक्रॉन मोठा आला तर आपण कपाळावर हात मारून बसत नाही, कापणारा इन्सर्ट झिजला का ते पाहतो, मशीनला तेवढ्या फरकाचा ऑफसेट देतो आणि पुढचा जॉब लावतो. ग्लुकोमीटरवरचा आकडा त्याच नजरेने वाचावा. तो आकडा घरच्यांना दाखवताना गुणपत्रिका दाखवल्यासारखे वाटू लागले, की माणूस तपासणीच टाळू लागतो. पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते हे कारण तोंडी असते, खरे कारण वाईट आकड्याची लाज हे असते. तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणीही तशीच वाचावी. साधारणपणे ती सात टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट दिले जाते, पण तुमचे उद्दिष्ट तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे, तुमच्या मामांनी नव्हे.

कंपनीत लपवू नका, असे मी म्हणतो त्यामागे स्वाभिमानाचे तत्त्वज्ञान नाही, सुरक्षिततेचा साधा प्रश्न आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस विनाकारण चिडतो किंवा हरवल्यासारखा उभा राहतो. पाहणाऱ्याला हे सगळे दारू प्यायल्यासारखे दिसते. एका कंपनीत, नाव सांगत नाही, दुसऱ्या पाळीत माझे असे झाले तेव्हा सुपरवायझरने माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मला गेटबाहेर बसवले. बाहेर चहाच्या टपरीवाल्याने काही न विचारता साखर घातलेला गरम चहा हातात दिला, म्हणून वेळ निभावली. सोबतच्या एका माणसाला जरी माझा आजार ठाऊक असता, तर मला मशीनजवळच साखर मिळाली असती. तेव्हा निदान पाळीतला सोबती, सुपरवायझर आणि प्रथमोपचार पाहणारा माणूस अशा तिघांना नीट सांगून ठेवा. खिशात ग्लुकोज पावडर बाळगा. साखर उतरली तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि तरीही ती ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा घ्यायची. बिस्किटे आणि चॉकलेट यांचा परिणाम उशिरा होतो, त्यांच्यावर विसंबू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचे नाही, त्याला थेट दवाखान्यात न्यायचे, हेही त्या तिघांना बजावून सांगा. आणि हो, तुम्ही ग्लुकोज फाकताना दिसलात की कोणीतरी हमखास म्हणेल, “शुगर आहे ना तुला, मग साखर कशाला खातोस?” त्या क्षणी वाद घालू नका, आधी ती साखर पोटात जाऊ द्या.

मेहनतीच्या माणसाने लक्षात ठेवण्याची आणखी एक बाब आहे. अंगमेहनतीने साखर उतरते आणि ती केवळ काम चालू असताना उतरते असे नाही, काही तासांनी, अगदी मध्यरात्रीही ती घसरू शकते. दिवसभर जड जॉब उचलले असतील तर झोपण्यापूर्वी एकदा तपासा. पाळी बदलते त्या आठवड्यात तर जास्तच सावध राहा: दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन घड्याळाच्या ठरलेल्या वेळी आणि जेवणाचे इन्सुलिन जेवणाबरोबर, हे सूत्र तिसऱ्या पाळीत कसे बसवायचे, ते डॉक्टरांसमोर पाळ्यांचे वेळापत्रक ठेवून ठरवून घ्या. मशीन सुरू करण्यापूर्वी आणि घरी जायला गाडीला किक मारण्यापूर्वी आकडा पाहायची सवय लावा. सेफ्टी शूज काढल्यावर पाय रोज पाहा, कारण नसा बधिर होऊ लागल्या तर बुटात शिरलेला लोखंडाचा कीस टोचलेलासुद्धा कळत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या.

स्वावलंबनाचा मला समजलेला भाग असा की आपले उपकरण आपल्याला कळले पाहिजे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची येते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट इकडेतिकडे होते. औषध दुकानदार घाईत असतो, तेव्हा हे आपणच पाहायचे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, गोठू देऊ नये. वापरातले साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत चालते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ते ठेवणे म्हणजे वाया घालवणे होय. फ्रिज नसेल तिथे ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे मडके बरेच काम करते.

मात्र स्वावलंबनाच्या नावाखाली हक्काची गोष्ट सोडू नका. तुमचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही राज्य कामगार विमा योजनेत असायला हवे. त्यासाठी तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सातपूरलाच त्या योजनेचे रुग्णालय आहे. “फुकटचे औषध मी घेत नाही” असे अभिमानाने सांगणारे कामगार मी पाहिले आहेत; ज्याचे पैसे दर महिन्याला भरले गेले ते फुकट कसे, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

लग्नकार्यातील आणि रविवारच्या मिसळीवरील भाष्यांबद्दल फार लिहीत नाही. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असे सांगण्याइतका मी कठोर नाही. मटकी आणि तर्री यांच्यापेक्षा हिशेब पावांचा आणि सोबतच्या जिलेबीचा असतो, तो करून इन्सुलिन घ्यावे आणि जेवावे. जे काका ताटाकडे बघून “तुला चालते का?” विचारतात, तेच थोड्या वेळाने “एका लाडवाने काही होत नाही” असा आग्रह करतात. दोन्ही वेळा “माझे मी बघतो, काका” एवढे नम्रपणे म्हटले की पुरते. उघड्यावर टोचून घेताना कोणी नशेचा संशय घेतला, तर इन्सुलिनचा पेन दाखवावा आणि सांगावे. स्वच्छतागृहात लपून टोचण्याची आवश्यकता नाही.

राहिला वर्कशॉपचा प्रश्न. जरूर काढा, पण गाळ्याचे भाडे, वीज आणि मशीनचा हप्ता लिहिण्याआधी वहीत इन्सुलिन, पट्ट्या आणि तपासण्या यांची ओळ लिहा, कारण काम आले नाही तरी तो खर्च थांबत नाही. एकट्याने रात्रपाळी चालवण्याचा बेत करू नका, सुरुवातीला अर्धवेळ का होईना, एक मदतनीस ठेवा. नोकरी सोडली की कामगार विम्याचे संरक्षणही काही काळाने संपते, म्हणून नोकरीत असतानाच खासगी आरोग्य विमा घेऊन ठेवा. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे आणि तो काळ पगाराच्या आधारावर काढणे धंद्याच्या पहिल्या वर्षांत काढण्यापेक्षा सोपे जाते. टाइप १ म्हटल्यावर काही कंपन्या नकार देतील, काही जास्त हप्ता मागतील, तरी चार ठिकाणी विचारा. अर्जात मधुमेह स्पष्ट लिहा, कारण तो लपवलेला निघाला तर दावा नाकारायला कंपनीला दुसरे कारण शोधावे लागत नाही.