दर सोमवारी पहिलाच दिवस

मी कॉलेजच्या पोरापोरींचं समुपदेशन करते. अ‍ॅडमिशनं उरकली की महिन्याभरात माझ्याकडं एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात, बहुतेक वेळा आईचाच असतो. "मॅडम, पोरगी एमएस्सीला लागलीय, रूमवर राहतीय, खरं तिचं मनच लागेना झालंय. रोज रात्री फोनवर रडती. रूम बदलून देऊ काय? का घरूनच येऊन जाऊन करूदे?" त्यावर एका पोरीची गोष्ट सांगते. तिला विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या लहान गावची पोरगी. शाळा मराठी मीडियमची, डिग्री खानापुरात, म्हणजे संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातचं जेवायचं हे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत चुकलेलं नाही. आता पहिल्यांदाच बेळगावात टिळकवाडीला रूम, तिघीत एक. एक अथणीकडची, एक विजापूरची, दोघी कन्नड बोलणाऱ्या. इकडं वर्गात असं मिसळलेलं असतंच, बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 ला निघालं तेच मुळी बेळगाव, विजापूर, बागलकोट अशा तीन जिल्ह्यांसाठी, त्यामुळं तिकडची पोरं-पोरी इकडं येतात आणि खानापूरची, निपाणीची पोरगी अचानक कन्नड घोळक्यात जाऊन पडते.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, मला तिथं कोण नाही. वर्गात सगळ्यांचे ग्रुप झालेत. रूमवर त्या दोघी कन्नडातनं बोलतात, हसतात, माझ्याबद्दलच असणार. मी आपला भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघत झोपतो." (आमच्या भागात पोरीसुद्धा जातो-येतो-झोपतो म्हणतात, तेही कुणीतरी वर्गात हसून दाखवलेलं होतं, तेव्हापासून तिनं तिथं मराठी बोलणंही कमी केलेलं.) तिचं स्वतःचं म्हणणं असं होतं की आपला स्वभावच घुमा आहे, आपल्याला हे जमणार नाही.

मी स्वभावाचं बाजूला ठेवलं आणि आठवडा विचारला. कधी उठतेस, कुणाबरोबर जेवतेस, शनिवारी काय करतेस. तेव्हा कळलं की शुक्रवारी शेवटचा तास झाला की ही बॅग घेऊन थेट बसस्टँडवर, आणि परत येणार ती सोमवारी सकाळी सरळ वर्गात. एकही शनिवार-रविवार तिनं बेळगावात काढलेला नव्हता! का, तर 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आधार दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. योजना चांगलीच आहे, किती पोरींचं शिक्षण सोपं झालंय हे मी रोज बघते. खरं हिच्या घरी आईचं एकच वाक्य, "बस फुकटच आहे की, ये की शनिवारी." मग कशाला राहायचं?

आणि ओळखी होतात त्या नेमक्या त्याच दोन दिवसांत. शनिवारी सगळ्यांचं कपडे धुणं चालू असतं, कुणीतरी पोहे करतं, कुणीतरी म्हणतं चल खडेबाजारात जाऊन येऊ बादली घ्यायचीय. सोमवारी ही येते तेव्हा त्यांच्याकडं दोन दिवसांचं बोलायला असतं आणि हिच्याकडं नसतं, म्हणजे पहिल्या दिवशी जशी आली तशीच दर सोमवारी नवीन.

मी तिला कागदावर हिशोब घालायला लावला. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा 2018 चा अभ्यास आहे, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जातात, नीट मैत्री व्हायला 90, आणि अगदी जवळचं माणूस व्हायला 200 च्या वर. त्यातही नुसतं कामापुरते एकत्र घालवलेले तास फार उपयोगी पडत नाहीत, गप्पा, खाणं, फिरणं ह्यातले तास लागतात. आपल्याकडं अगदी तेवढेच लागतील असं मी म्हणत नाही. खरं हिनं लिहिलं, रूमवर दोघींशी रोज बोलणं फार तर अर्धा तास, पाच दिवसांचे अडीच तास, म्हणजे 50 तासांना वीस आठवडे. सेमिस्टरच संपलं. ती कागदाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मग माझ्यात काय खोट नाही म्हणायची."

मधे वडिलांनी दुसरी रूम बघायला सुरुवात केली होती, वडगावात नात्यातल्या कुणाकडं. मी विचारलं सध्याच्या रूमचा कागद आहे काय? नाही. डिपॉझिट रोख दिलेलं, पावती नाही, दीड महिन्यात सोडलं तर परत मिळणार की नाही कुणाला माहीत नाही. हे मी दरवर्षी बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, शेतातल्या पैशातनं दिलेलं डिपॉझिट असतं ते. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो म्हणून सगळे 11 महिन्यांचा करतात, ते ठीक, खरं त्यात डिपॉझिट किती, सोडायच्या आधी किती दिवस सांगायचं, किती दिवसात पैसे परत, लाईट बिल कसं वाटून घ्यायचं हे लिहिलेलं पाहिजे. आणि पाणी किती दिवसाआड येतं तेही रूम घ्यायच्या आधी शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. तिच्या वडिलांनी जाऊन मालकीणबाईंकडून हे सगळं लिहून घेतलं, त्या काही बोलल्याही नाहीत.

रूम बदलू नका असं मी सगळ्यांना सांगत नाही हं. दाराला नीट कडी नाही, मालक न सांगता आत येतो, कुणी त्रास देतंय, असं काही असेल तर त्याच दिवशी सामान उचला, एक रात्रसुद्धा थांबू नका. खरं नुसतं परकं वाटतंय म्हणून बदलत असाल तर नवीन रूमवर परत पहिल्या तासापासून सुरुवात.

ठरलं असं की महिन्यातले दोन शनिवार-रविवार बेळगावात. पहिलाच शनिवार फसला. त्या दोघीही त्याच आठवड्यात गावाला गेलेल्या, ही दिवसभर एकटी, दुपारी मला फोन करून रडली. चूक माझीच होती, रूमवर कोण असणार आहे एवढं मी विचारून घ्यायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी तिनं आधी विचारलं.

दुसरं म्हणजे कन्नड. शाळेत शिकलेली होती, कळतही सगळं होतं, बोलायचीच भीती, चुकलं तर हसतील. मी म्हटलं, रोज एकच वाक्य, रात्री जेवायच्या वेळी, "ऊटा आतेन?" जेवलीस काय, एवढंच. चौथ्या दिवशी अथणीच्या पोरीनं मराठीतच उत्तर दिलं! तिला मराठी चांगलं येत होतं, अथणी महाराष्ट्राला लागूनच आहे, घरी मराठी सिरियल चालते. तिला वाटायचं हिलाच आमच्याशी बोलायचं नाही, सारखी भिंतीकडं तोंड करून असते. आणि हसायच्या त्या एका सरांच्या बोलण्याच्या लकबीवर. त्या रात्री तिनं डब्यातनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, हिनं घरचं लोणचं काढलं, आणि बारापर्यंत बोलत बसल्या. मला दुसऱ्या दिवशी मेसेज, "आज तीन तास झाले मॅडम." तास मोजत होती अजून.

आईला वेगळं बोलवलं होतं मी. त्यांना घर रिकामं वाटत होतं, हे त्या आधी बोललेल्याच नव्हत्या, बोलता बोलता रडल्या. "ये की" म्हणायचं कमी करायचं त्यांनाही जड गेलं. मग बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला, आणि एकदा त्या स्वतःच रूमवर येऊन तिघींसाठी आंबोळ्या घालून गेल्या.

आता पोरगी तीन आठवड्यातनं एकदा गावाला जाते. अथणीच्या पोरीबरोबर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाते. विजापूरच्या पोरीशी अजून फारसं जमत नाही, दोघी आपापल्या वाटेनं असतात आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. परवाची आमची वेळ तिनं पुढं ढकलली, अथणीला जायचं होतं, मैत्रिणीच्या अक्काचं लग्न. रूम तीच आहे.