पीलखान्यातला 'पील' आणि सूसाचा राजवाडा

प्रश्न असा आला आहे : शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत (म्हणजे सरकारी खात्यांत) 'पीलखाना', म्हणजे हत्तीखाना, येतो. त्यातला 'पील' फारसी की संस्कृत? अमरकोशात 'पीलु' म्हणजे हत्ती दिलाच आहे.

पीलखाना आणि पीलवान (माहूत) हे शब्द आपण थेट फारसीतून घेतले. (पिल्लाशी यांचा काही संबंध नाही.) अरबीत 'प' नाही, म्हणून तिथे 'पील'चा 'फील' झाला, मराठीने जुना 'प' जपला. पण या शब्दाची खरी गंमत इराणच्या नैर्ऋत्येला, खुजिस्तानातल्या सूसा येथे आहे. आजचे शूश ते हेच.

सूसा ही आधी एलामी लोकांची राजधानी. पुढे इ. स. पू. ५२२ ते ४८६ या काळात राज्य करणाऱ्या इराणी सम्राट पहिल्या दारयवहुने (इंग्रजीत डरायस) तिथे राजवाडा बांधला आणि बांधकामाची हकीगत प्राचीन पारसी (आजच्या फारसीची पूर्वज), एलामी व अक्कदी (बाबिलोनची भाषा) अशा तीन भाषांत कोरून ठेवली. फ्रेंच उत्खननांत तिचे तुकडे मिळाले, आणि १९७० मध्ये एलामी व अक्कदी मजकुराच्या दोन अखंड शिलापाट्याही सापडल्या. देवदार लेबनॉनचे, सोने सार्डिस (आजच्या तुर्कस्तानात) आणि बाख्त्रीचे (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचे), विटा पाडायला बाबिलोनी माणसे, अशी ती यादी. तिच्यात एक वाक्य आहे : इथे घडवलेला 'पिरु' कूश (इजिप्तच्या दक्षिणेचा देश), 'हिदु' आणि 'हरउवती' इथून आणला. पिरु म्हणजे हस्तिदंत. 'हिदु' म्हणजे सिंधू नदीचा प्रदेश (लिहिताना अनुस्वार गाळत), आणि हरउवती हे तर आपल्या 'सरस्वती'चेच रूप, आजच्या कंदाहारकडचे. 'स'चा 'ह' कसा होतो ते एकाच ओळीत दोनदा दिसते! मला ही ओळ फार प्रिय आहे.

'पिरु'त 'ल' का नाही? प्राचीन पारसीत 'ल' जवळजवळ नव्हताच. बाबिलला ते 'बाबिरु' म्हणत. शेजारच्या अक्कदीत हत्तीला 'पीरु' आणि 'पीलु' अशी दोन्ही रूपे मिळतात.

मग अमरकोशातला 'पीलु'? वैदिक वाङ्मयात पीलु हे झाडाचे नाव आहे; हत्तीला तिथे 'हस्तिन्' आणि 'वारण'. हत्ती हा अर्थ नंतरचा, आणि तो पश्चिमेकडून आला असे बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. म्हणून 'पीलखाना'ची व्युत्पत्ती लिहिताना 'सं. पीलु' असे देऊ नये, 'फा. पील' असेच द्यावे.