स्टँडर्ड हेराल्डचे पुढचे सस्पेन्शन जोडताना: ट्रनियनमध्ये ग्रीस नको, बुश हवेत आवळू नका

तुमच्या प्रश्नावरून असे समजते की, स्टँडर्ड हेराल्डचे पुढचे सस्पेन्शन पूर्ण उघडले आहे, नवे बुश (सांध्यांतले रबरी अस्तर), बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारे सांधे) आणि टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) आणून ठेवले आहेत, आणि खालच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्यात, भरपूर ग्रीस भरून, गाडी जॅकवर असतानाच सगळे नट आवळून टाकावेत असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. या दोन्ही गोष्टींना कृपया ठाम नकार द्या. बाकीची जोडणी कोणताही हातखंडा असलेला मेकॅनिक नीट करील, पण या दोन ठिकाणी हेराल्ड इतर गाड्यांपेक्षा वेगळी आहे.

1959 साली इंग्लंडमध्ये आलेली ट्रायम्फ हेराल्ड 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड या नावाने बनू लागली. तिच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट असतो, पण खाली पोलादी उभ्या दांड्याच्या टोकाला आटे असतात आणि त्यांवर पितळी ट्रनियन चढवलेले असते. स्टिअरिंग वळवले की दांडा त्या आट्यांत फिरतो. स्प्रिंगचे खालचे टोक खालच्या विशबोनवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या आडव्या भुजेवर) टेकलेले असल्यामुळे गाडीच्या पुढच्या भागाचे वजनही याच आट्यांवर येते. ग्रीस कालांतराने सुकून घट्ट होते, आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, आणि झिरपलेल्या पाण्याने पोलाद आतून गंजत राहते. असा कुजलेला दांडा बहुधा हळू वेगात, चाक पूर्ण वळवलेले असताना तुटतो आणि चाक गाडीखाली दुमडते. म्हणून येथे ईपी 90 गिअर ऑइलच हवे. ट्रनियनचा प्लग काढून तेथे निपल (गन लावण्याचे तोंड) बसवा आणि वरच्या सीलमधून तेल डोकावेपर्यंत गनने भरा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर हे न चुकता करावे, असे माझे मत आहे.

नवे ट्रनियन चढवण्यापूर्वी दांड्याचे आटे रॉकेलने व तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, टॉर्चच्या उजेडात सर्वांत खालचे आटे बारकाईने पाहा. तेथे गंजाचे खड्डे किंवा झिजेची पायरी बोटाला लागली, तर दांडा बाद समजा. झिजलेल्या दांड्यावर नवे ट्रनियन बसवण्यात काही अर्थ नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे जोड्या सरमिसळ होऊ देऊ नका. ट्रनियन हाताने शेवटपर्यंत फिरवून बसवा, आणि मग दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळेल इतकेच, म्हणजे एका फेऱ्याच्या आत, मागे घ्या. आडवा बोल्ट आतल्या पोलादी नळीत गंजून जाम झालेला असेल, तर हातोड्याने ठोकत बसण्यापेक्षा हॅकसॉने कापणे बरे.

विशबोनच्या बुशमध्ये रबर सरकत नाही, पिळले जाते. चाक लोंबकळत असताना नट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो; गाडी उंच उभी राहते आणि बुश लवकर फाटतात. सर्व नट आधी फक्त हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढेमागे ढकलून पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून बसू द्या, आणि मगच पान्याने आवळा. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले) जुने वापरू नयेत.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्डच्या निमुळत्या पिना कोरड्या व स्वच्छ बसवाव्यात. तेथे तेलाचा थेंबही नको. नट आवळताना पीन फिरू लागली, तर खालून जॅकने हलका दाब द्या. कॅसल नट (माथ्यावर खाचा असलेला) असेल आणि त्याला अडकवायच्या स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट सैल न करता किंचित पुढेच न्या.

नवे सांधे घेऊनही स्टिअरिंगमध्ये खेळ राहिला, तर दोष बहुधा रॅकच्या (स्टिअरिंगच्या दातेरी दांड्याच्या) रबर माउंटिंगचा असतो. हेराल्डचे बॉनेट पुढच्या बाजूला पूर्ण उघडते, ही मोठी सोय आहे: एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने रॅककडे पाहावे. तेल लागून फुगलेल्या रबरावर अख्खा रॅक आडवा सरकताना डोळ्यांनी दिसतो.

शॉकॲबसॉर्बरचा मधला वरचा नट मात्र स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय सोडू नका. स्प्रिंग अंगावर उडून जीवघेणी इजा होऊ शकते. खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागील शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) ज्या जागेवरून निघाले तेथेच परत घाला, कारण कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, त्यांवर ठरतो. आणि टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत ते) गाडी थोडी चालवून झाल्यावर, सर्वांत शेवटी तपासून घ्या.